पाणी कमी पिण्याचा शहाणपणा

आमच्या धाराशिवकडे पाण्याची काटकसर अंगवळणी पडलेली. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा कोण विसरेल? पण मी काटकसर केली ती भलत्याच ठिकाणी.

सत्तरी ओलांडल्यावर रात्री चार-चारदा उठावे लागे. धार बारीक, थांबत थांबत. सोलापूरला एसटीने जायचे म्हटले की सकाळपासून पाणीच पीत नसे. हिला म्हणायचो, "वयच झालं आता." जन्मभर वर्गात बोललो, पण हे मुलाला सांगता येईना. लाज, दुसरे काय!

एके दिवशी लघवी लाल झाली. दुखत काहीच नव्हते, दुसऱ्या दिवशी रंगही गेला. तरी हिने हट्टाने डॉक्टरांकडे नेले. सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली दिसली, मूत्राशयात खडाही.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, रक्त एकदाच दिसलं तरी यायचं. न दुखता दिसलं तर आधी यायचं, कधी कधी आत कर्करोग असतो. लघवी पूर्ण अडली, किंवा खड्याच्या कळांसोबत थंडी-ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही."

माझ्यात कर्करोग निघाला नाही. खडा दुर्बिणीतून काढला, गोळ्या चालू आहेत. पाणी दिवसा भरपूर, झोपण्यापूर्वी दोन तास बेताचे.

असो. आता तुळजापूरच्या स्टँडवर एसटी थांबली की कंडक्टरला खुशाल सांगतो, "दोन मिनिटं थांबा हो, आलोच!"