आधी पिस्टनचं तोंड बघा!

डिस्क ब्रेकचे पॅड बदलताना कॅलिपरमधला पिस्टन आत ढकलायला कुठलं हत्यार घ्यायचं, याचं उत्तर त्या पिस्टनच्या तोंडावरच असतं! तोंड पोकळ, कडा गुळगुळीत, कुठेही खाच नाही, तर तो सरळ दाबायचा. तोंडावर समोरासमोर दोन खाचा असतील किंवा अधिकच्या चिन्हासारखी चीर असेल, तर तो दाबत दाबत फिरवायचा. हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी चाक खोललेलं दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात आणि मी वाकून आधी पिस्टन बघतो.

सुरुवात माझ्या स्विफ्टच्या पुढच्या चाकापासून झाली. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, आणि पुढचा कॅलिपर सरकता असतो. म्हणजे पिस्टन एकच, आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून आतल्या बाजूला सरकून बाहेरचा पॅडही डिस्कवर ओढून आणतो. एक पिस्टन, दोन पॅड! यातूनच पुढची गंमत निघते: पॅड झिजतात दोन, पण दोघांची झीज भरून काढायला बाहेर यावं लागतं एकट्या पिस्टनला. नवा पॅड १० मिलीमीटरचा धरा, झिजून ३ वर आलेला धरा. प्रत्येकी ७, म्हणजे पिस्टन १४ मिलीमीटर बाहेर आलाय. नवे जाड पॅड बसायचे तर तेवढाच तो मागे जायला हवा, एक मिलीमीटरही कमी चालत नाही.

आणि तो इतका बाहेर येऊन राहतो कशाच्या जोरावर? मी आत स्प्रिंग असेल असं धरून चाललो होतो. स्प्रिंग नाहीच! पिस्टनभोवती चौकोनी काप असलेली एक रबरी रिंग आहे, बस्स. पेडल दाबलं की पिस्टन पुढे जाताना रिंगेला थोडा पीळ देतो. पाय काढला की रिंग आपला पीळ सोडवते आणि पिस्टनला केसभर मागे घेते, डिस्क मोकळी होते. पॅड झिजला की पिस्टनला त्या पिळापेक्षा जास्त पुढे जावं लागतं, मग तो रिंगेतून किंचित घसरतो आणि नव्या जागी स्थिर होतो. तेल न गळू देणं, पिस्टन मागे घेणं आणि झिजेप्रमाणे अंतर जुळवून घेणं, ही तिन्ही कामं एक रिंग करते. १९५३ साली डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली हे मी कधीचं वाचलं होतं, पण त्या ब्रेकच्या जातीत किती हुशारी भरलेली आहे हे कळलं ते रबराची ही रिंग समजल्यावर.

तर सरळ दाबायच्या पिस्टनला सर्वांत चांगलं हत्यार म्हणजे साधा सी-क्लॅम्प. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला कुठल्याही हत्यारांच्या दुकानात मिळतो, सहा इंची बहुतेक गाड्यांना पुरतो. जुना आतला पॅड पिस्टनच्या तोंडावर ठेवायचा, क्लॅम्पचा स्क्रू बरोबर मध्यावर टेकवायचा, दुसरं टोक कॅलिपरच्या पाठीवर, आणि अगदी सावकाश आवळत जायचं. पॅड मध्ये ठेवल्यामुळे जोर पिस्टनच्या सगळ्या कडेवर सारखा पडतो आणि तो तिरका होत नाही. पहिल्यांदा तो हलतो तेव्हा हाताला जे जाणवतं ना! स्क्रूचा विरोध एकदम मऊ होतो, आणि तो जाड पिस्टन अजिबात आवाज न करता आत जायला लागतो. हजारो किलोमीटर गाडी चालून जेवढा बाहेर आला, तेवढा दोन मिनिटांत आत.

रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये हेच काम पॅड आणि डिस्कच्या मध्ये मोठा स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटून केलेलं मी अनेकदा पाहिलंय. होतं ते काम, पण जोर एका कडेला पडतो, डिस्कवर ओरखडा उमटू शकतो, पिस्टनवरचं धूळ अडवणारं रबर फाटू शकतं. काही पिस्टन फिनॉलिक प्लास्टिकचे असतात, त्यांची कडच उडते. वॉटर पंप पक्कड त्यापेक्षा बरी, पण तिचे जबडे तिरके चावतात. क्लॅम्प हातात आहे तर दुसरं काही घ्यावंसंच वाटत नाही.

दाबताना बॉनेट उघडं ठेवा! ५४ मिलीमीटर व्यासाचा पिस्टन १४ मिलीमीटर आत गेला की साधारण ३२ मिलिलिटर ब्रेक ऑइल उलटं वर बाटलीत जातं, दोन चाकांचं मिळून साठच्या वर. मधल्या काळात कुणी बाटली काठोकाठ भरून ठेवली असेल तर तेल बाहेर सांडणार, आणि हे तेल रंग खातं. म्हणून आधी सिरिंजने थोडं काढून घ्यायचं, आणि काढलेलं पुन्हा ओतायचं नाही, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश असतो. पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. वरंधा घाट उतरताना मला तो फरक नकोय. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने वर बांधायचा. एका वेळी एकच बाजू खोलायची, नाहीतर इकडचा पिस्टन दाबला की तिकडचा बाहेर यायला लागतो. आणि सगळं बसवून झाल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल पुन्हापुन्हा दाबून कडक करायचं. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातं. हे विसरून गाडी काढली तर समोरच्या भिंतीपाशी ब्रेकच नसेल.

इथपर्यंत मी खूष होतोच. मग मित्राची स्कोडा लॉरा आली, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली, चारही चाकांना डिस्क. मागचं चाक काढलं, कॅलिपर वर केला, आणि पिस्टनच्या तोंडावर खाचा! हाच तो! मागच्या कॅलिपरमध्ये हॅण्डब्रेकही राहतो. केबल ओढली की एक तरफ फिरते आणि आतल्या स्क्रूमार्फत पिस्टनला ढकलते. पॅड झिजतील तसा हा स्क्रू आपोआप लांबत जातो, म्हणजे हॅण्डब्रेकचा दांडा कायम सारख्याच उंचीवर धरतो. अशा पिस्टनला क्लॅम्पने सरळ दाबणं म्हणजे आटे असलेल्या बोल्टवर हातोडा मारणं. जोर लावत गेलं तर आतली यंत्रणा मोडते आणि कॅलिपर नवा घ्यावा लागतो. त्याला फिरवतच मागे न्यायचं, आणि त्याआधी हॅण्डब्रेक पूर्ण खाली सोडायचा.

यासाठी बाजारात दोन गोष्टी मिळतात. एक सहा तोंडांचा लोखंडी ठोकळा, प्रत्येक तोंडावर वेगवेगळ्या अंतरावर उंचवटे, मध्ये रॅचेटसाठी तीन सूती चौकोनी भोक. स्वस्त आहे, खिशात मावतो. पण तो फक्त फिरवतो, दाब तुमच्या मनगटाने द्यायचा, आणि लॉराच्या पिस्टनला दाब नसेल तर तो जागच्या जागी गोल फिरत राहतो, आत येतच नाही. दुसरी म्हणजे पेटीतला संच. मधोमध जाड आट्यांचा दांडा, मागे कॅलिपरच्या पंज्याला टेकणारी पट्टी, पुढे वेगवेगळ्या पिनांच्या चकत्या. पिस्टनच्या खाचांशी जुळणारी चकती लावायची, पट्टी टेकवायची, मूठ फिरवायची. दांडा एकाच वेळी दाबतोही आणि फिरवतोही! लॉराचा पिस्टन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत, थोडा थोडा, सलग, एकदाही न अडकता आत गेला आणि मी मित्राला हाताला धरून जवळ बसवलं, म्हटलं, बघ, बघ, कसा जातोय! मागे डिस्क असलेली आणि दांड्याचा हॅण्डब्रेक असलेली गाडी घरात असेल तर मी निःसंकोच सांगेन, ठोकळा सोडा, संच घ्या. आणि घेताना सुलट्या आणि उलट्या आट्यांचे दोन्ही दांडे असलेला घ्या, कारण काही गाड्यांत एका बाजूचा पिस्टन उलटा फिरतो. शेवटी पिस्टनची खाच योग्य कोनात आणून थांबायचं, कारण बऱ्याच पॅडच्या पाठीवर एक छोटा खुंट असतो, तो त्या खाचेत बसायला हवा.

मागचा प्रत्येक पिस्टन मात्र फिरवायचा नसतो. काही गाड्यांत मागच्या डिस्कच्या पोटात छोटा ड्रम असतो आणि हॅण्डब्रेक तो सांभाळतो. तिथला पिस्टन पुढच्यासारखाच सरळ जातो. समोरासमोर पिस्टन असलेला न सरकणारा कॅलिपर असेल तर क्लॅम्पची पंचाईत होते, एक दाबला की दुसरा बाहेर. तिथे दोन पट्ट्यांमध्ये रॅचेट असलेलं फाकवायचं हत्यार लागतं, जे दोन्ही बाजूंना एकदम ढकलतं.

आणि आता बटणाचा हॅण्डब्रेक! क्रेटासारख्या गाड्यांतही तो आलाय. कॅलिपरच्या पाठीला मोटर लावलेली असते, आतला स्क्रू ती फिरवते. इथे क्लॅम्प चालतो, संच लागत नाही, पण आधी स्कॅनर जोडून किंवा कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये न्यायचा. मोटर स्क्रू मागे घेते, आणि मगच पिस्टन सरळ दाबायचा. तसं न करता जोर लावला तर मोटरचे गिअर जातात. म्हणजे इथलं पहिलं हत्यार आहे स्कॅनर! आमच्याच इमारतीत अशी एक गाडी आहे, मालकांनी होकार दिलाय, पण त्यांचे मागचे पॅड मोजले तर अजून ६ मिलीमीटर शिल्लक आहेत. मी त्यांना दर रविवारी विचारतो, या आठवड्यात बाहेरगावी जाणार आहात का?