वास येतो म्हणून काय झालं?

आम्हा नागपूरकरांना समुद्राचं भारी अप्रूप. फुटाळ्याच्या काठावर भुट्टा खाता खाता 'अगदी मरीन ड्राइव्ह!' म्हणणारी माणसं आपण. त्यामुळे नवी मुंबईतल्या एका बिल्डरच्या ब्रोशरचं काम आलं, तेव्हा धरमपेठेतल्या खोलीत बसूनच मी 'खाडीकाठची स्वप्नं' वगैरे फटाफट लिहून टाकलं. पंधरा हजार मिळणार होते. इमारतीसमोरच्या चिखलाचं काय लिहू, विचारलं तर क्लायंट म्हणाला, "वेस्टलॅण्ड आहे मॅडम, पुढे डेव्हलप होईल, असं टाका." टाकलं.

मग फेब्रुवारीत मावसबहिणीच्या लग्नाला मुंबईत गेले. एक सकाळ मोकळी होती, म्हणून शिवडीला फ्लेमिंगो बघायला गेले. ओहोटी होती. नजर जाईल तिथवर चिखल, त्यात गुलाबी ठिपके आणि... वास! सडक्या अंड्यांचा. फोटो काढताना एक हात नाकावरच होता.

परतल्यावर तर्री-पोहे खाताना केमिस्ट्रीवाल्या मैत्रिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, "अगं, वास येतोय म्हणजे चिखल कामावर आहे."

फंडा असा. चिखलाच्या वरच्या काही मिलिमीटरखाली ऑक्सिजन नसतोच. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून कांदळवनाची पानं, मेलेलं शेवाळ, आपलं सांडपाणी असं सगळं कुजवतात. त्यातून तो वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि बायकार्बोनेटही. हो, खायच्या सोड्यातलं तेच! ओहोटीला चिखलातून झिरपणारं पाणी हा माल खाडीत नेतं. कार्बन डायऑक्साइड पाण्याला आम्लाकडे ढकलतो, बायकार्बोनेट सावरून धरतं. ॲसिडिटी झाल्यावर आपण सोडा पितो ना, तसंच. फक्त एक अट आहे. सल्फाइड लोखंडासोबत चिखलातच गाडलेला राहायला हवा. चिखल उकरला आणि त्याला पुन्हा ऑक्सिजन मिळाला, की कमावलेलं बरंचसं गेलं.

शिवाय सीझनप्रमाणे हिशेब बदलतो. पावसाळ्यात गोड्या पाण्याचे लोंढे हा सोडा पातळ करतात. पाऊस सरला की खारं पाणी आत सरकतं आणि उघड्या चिखलावरचं शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड खातं. (ते शेवाळ फ्लेमिंगो खातात. म्हणून तर येतात!) युरोपात वाडन समुद्राच्या अशाच चिखलाचा हिशेब २००९ मध्ये हेल्मुट थॉमस आणि सहकाऱ्यांनी मांडला होता. उत्तर समुद्र हवेतला जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषतो, त्यातल्या साधारण ७ ते १० टक्क्यांना या चिखलाचा हातभार आहे, असा त्यांचा अंदाज. आणि मी याला वेस्टलॅण्ड म्हटलं होतं.

बरं, प्रश्न फक्त कार्बनचा नाही. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत असे जिवंत चिखलपट्टे सर्वांत कडक वर्गात येतात. म्हणजे 'पुढे डेव्हलप होईल' ही चक्क थाप. आणि त्या वाक्यावर विश्वास ठेवून वीस वर्षांचं होम लोन कोण काढणार? तुमच्या-माझ्यासारखेच कोणीतरी.

क्लायंटला फोन केला. "मॅडम, वाक्य छान होतं की!" म्हणाला. मी नवं पाठवलं : 'समोर खाजण आहे. ओहोटीला वास येतो. कायद्याने तिथे इमारत उठत नाही, त्यामुळे तुमचा व्ह्यू अडणार नाही.'

अजून रिप्लाय नाही. पंधरा हजारही नाहीत.