गिनीपिगचा दमा आणि आपला

औषधाबरोबर येणाऱ्या इंग्रजी पत्रकात कधी कधी असे एक वाक्य असते, की हे औषध दिल्यास गिनीपिगच्या श्वासनलिकांचे आकुंचन थांबते. भाषांतरास वाक्य सोपे आहे. त्याचा अर्थ लावणे मात्र तितके सोपे नाही.

या कामी गिनीपिगची निवड झाली, ती त्याच्या श्वासनलिका हिस्टामिन या द्रव्याने चटकन आवळतात म्हणून. उंदीर त्याला फारशी दाद देत नाही. हा परिणाम १९१० मध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी नोंदविला. पुढे रीतच पडली. प्राण्याला पेटीत ठेवावयाचे, आत हिस्टामिनचे धुके सोडावयाचे आणि तो कासावीस होईपर्यंतचा वेळ मोजावयाचा. (वर्णन वाचतानाही जीव कळवळतो.) आधी औषध दिल्याने तो वेळ जितका वाढेल, तितके औषध गुणकारी.

या कसोटीस हिस्टामिनविरोधी औषधे उत्तम उतरली. त्यांचे एक जनक दानिएल बोव्हे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिंका आणि खाज यांवर ती आजही उपयोगी पडतात. परंतु दमेकऱ्यांची त्यांनी निराशा केली. पेटीतल्या त्या प्राण्याला दमा नव्हताच! निरोगी श्वासनलिका घटकाभर आवळल्या होत्या, इतकेच. माणसाच्या दम्यात श्वासनलिकांना दीर्घकाळ सूज असते, आणि त्या आवळणारी द्रव्येही अनेक असतात.

झाशीच्या सदर बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंना हे समजावून सांगण्याचा प्रसंग गेल्या वैशाखात आला. धुळीचे दिवस, त्यांचा दमा जुना. असेच एक पत्रक माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, "मग आता रोजचा पंप बंद केला तर चालेल ना?" त्या पंपातील औषध सूज आवरणारे होते, आणि पत्रकात माणसांवरील चाचणीविषयी अवाक्षर नव्हते. डॉक्टरांना विचारल्यावाचून पंप सोडू नका, असे मी निक्षून सांगितले. काकू थोड्या रुसल्या. पण पंप सुटला नाही.

तथापि गिनीपिगला दोष देणे अन्यायाचे होईल. १९४० मध्ये मेलबर्न येथे केलावे आणि ट्रेथवी यांना त्याच्याच फुप्फुसातून बाहेर पडणारे, सावकाश परिणाम करणारे एक निराळे द्रव्य आढळले. त्याचा रासायनिक उलगडा बेंग्ट साम्युएलसन यांनी १९७९ मध्ये केला आणि त्या द्रव्यांस ल्युकोट्रीन हे नाव मिळाले. त्यांना अडविणारी माँटेलुकास्टची गोळी माणसांवर तपासली जाऊन अमेरिकेत मान्य झाली, तेव्हा १९९८ साल उजाडले होते.