हिंगण्याची वाट

मला सुखाचं वावडं नाही. मऊ भातावरचं तूप, पावसातली दुपारची झोप, खूप दिवसांनी भेटलेल्या मैत्रिणीशी रंगलेल्या गप्पा, हे सगळं हवंच. पण सुख म्हणजे पाहुणा. आग्रह केला की अवघडतो, मागे लागलं की उठून जातो.

पुण्याच्या कर्वे रस्त्यावरच्या झगमगाटातून जाताना हे हमखास मनात येतं. ज्यांच्या नावाचा हा रस्ता, ते धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा, या बाजूला पायी जात. १९०० साली हिंगण्याच्या माळावर त्यांनी काढलेल्या विधवांच्या आश्रमाची झोपडी उभी राहिली. अण्णा दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत, संध्याकाळी हिंगणं गाठत आणि सकाळी पुन्हा गावात येत. पावसाळ्यात पायाखाली चिखल आणि वाटेवर मिट्ट अंधार. त्या क्षणी त्यांना कुणी विचारलं असतं, 'सुखात आहात ना?', तर काय म्हणाले असते कोण जाणे. पुढे झोपडीत काही मुली वाट पाहत होत्या, एवढं पाऊल उचलायला पुरेसं होतं.

सुख शोधणारा संध्याकाळी हिशेब मांडतो : आज मला काय मिळालं? अर्थ शोधणाऱ्याचा हिशेब वेगळा : आज माझ्यामुळे कुणाचं काय अडलं नाही? पहिल्या हिशेबात चिखल ही निव्वळ तूट. दुसऱ्यात तो नुसता रस्ता.

तरीही अर्थाचा फार गौरव करताना माझी जीभ अडखळते, ती अण्णांच्या पत्नी बाया यांच्यामुळे. १८९३ साली अण्णांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. याच गोदूबाई पुढे आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया. अण्णांचा पैसा आश्रमाकडे वळायचा आणि घरात ओढाताण व्हायची. बायांनी सुईणीच्या कामाचं शिक्षण घेतलं, संसाराला हातभार लावला आणि 'माझे पुराण' या आत्मकथनात मनातलं स्पष्ट लिहून ठेवलं. अर्थ फुकट मिळत नाही, आणि त्याची किंमत पुष्कळदा घरचं माणूस मोजतं.

१९१६ साली अण्णांचं महिला विद्यापीठ झालं. १९५८ साली, वयाच्या शंभरीत, अण्णांना भारतरत्न मिळालं. पण ती वाट या मानासाठी धरलेली नव्हती, आणि मान मिळाला नसता तरी ती तेवढीच खरी राहिली असती.

म्हणून सुख दारी आलं तर त्याला पाट मांडा, त्याच्या शोधात मात्र गाव पालथं घालू नका. त्यापेक्षा चिखल तुडवत जावंसं वाटेल असं एक काम धरा. आणि निघण्यापूर्वी घरातल्या बायांना विचारा, त्यांच्या वाट्याला काय येणार आहे ते.