दोर सांभाळणारा सोबती

साताऱ्याच्या गिर्यारोहक प्रियांका मोहिते यांचे नाव आपण वृत्तपत्रांतून वाचले असेल. २०१३ मध्ये, ऐन तारुण्यात, त्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्यानंतर २०१८ मध्ये ल्होत्से, २०१९ मध्ये मकालू, २०२१ मध्ये अन्नपूर्णा आणि ५ मे २०२२ रोजी ८,५८६ मीटर उंचीचे कांचनजंगा. आठ हजार मीटरपेक्षा उंच अशी पाच शिखरे गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. तेनसिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्काराने त्यांचा गौरव झाला आहे.

या पाच शिखरांना नऊ वर्षे लागली, हे ध्यानी घ्यावे. त्या उंचीवर प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. म्हणून गिर्यारोहक थोडे चढतात, खाली येऊन विसावतात आणि पुन्हा चढतात. शरीर नव्या श्रमांना सरावते, मात्र त्याला अवधी द्यावा लागतो. सत्तरीतील शरीरही याला अपवाद नाही.

गिर्यारोहणाच्या शिक्षणात कडे चढण्याचा, म्हणजे प्रस्तरारोहणाचा, सराव असतोच. चढणाऱ्याच्या कमरेला बांधलेला दोर खाली उभा असलेला सोबती सांभाळतो. दोर फार ताणला तर चढणाऱ्याला हालचाल करता येत नाही. फार सैल सोडला तर घसरल्यावर तो खोलवर कोसळतो. सोबती त्याला ओढून वर नेत नाही आणि चढण्यापासून रोखतही नाही. तो सावधपणे नजर ठेवून असतो.

ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांची भूमिका नेमकी हीच असावी. सात रस्त्यावरील माझ्या दवाखान्यात पुष्कळ मुले, सुना कौतुकाने सांगतात, "आईंना आम्ही जागचे उठूच देत नाही." या मायेविषयी शंका नाही. परंतु बसून राहिलेल्या वृद्धांच्या मांड्यांचे स्नायू झपाट्याने क्षीण होतात, तोल ढळू लागतो आणि ज्या पडण्याच्या भयाने त्यांना बसवले, तेच पडणे जवळ येते.

कडा चढताना दोन हात व दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवावा, उरलेले तीन खडकावर स्थिर असावेत, असा नियम आहे. जिन्यावर आपणही तो पाळावा. एक हात कठड्यावर ठेवावा आणि दोन्ही पाय एका पायरीवर टेकल्यावरच पुढची पायरी घ्यावी. उतरताना सोबत्याने एक पायरी खाली राहावे. न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवावी, रात्री मंद दिवा ठेवावा. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वीच फिरून यावे. आरंभ पाच मिनिटांनी करावा आणि सोसेल तसतशी वाढ करावी. हृदयविकार असल्यास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, धाप लागली वा भोवळ आली तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

उद्या सकाळी आजोबा खुर्चीतून उठू लागले, तर त्यांना लगेच दंडाला धरून उचलू नका. शेजारी उभे राहा, हात जवळ ठेवा आणि त्यांना स्वतः उठू द्या.