माझा पहिला अर्ज

माझे बालपण मालेगावात गेले. मालेगाव हे नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे गाव. आमच्या मोहल्ल्यात मागांचा खडखडाट सतत चालू असे. तो शुक्रवारी थांबे, कारण त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी असे. माझे अब्बा अशाच एका कारखान्यात माग चालवत. जितके मीटर कापड विणले, तितकी मजुरी मिळे. एक दिवस खाडा झाला, तर त्या दिवसाचे पैसे बुडत.

ही गोष्ट १९८८ सालची. मी तेव्हा सातवीत होतो. शिधापत्रिकेवर माझ्या धाकट्या बहिणीचे नाव घालायचे होते. त्यासाठी अब्बा काम बुडवून कचेरीत गेले. मीही त्यांच्याबरोबर होतो. अर्ज मराठीत लिहायचा होता. अब्बांना उर्दू चांगले लिहिता-वाचता येई, पण मराठी येत नसे. कचेरीबाहेर एक माणूस पैसे घेऊन अर्ज लिहून देत असे. अब्बा त्याच्यासमोर अजीजीने उभे राहिले. तो वयाने अब्बांपेक्षा लहान होता. तरी त्यांना अरे-तुरे करत होता. लिहिता लिहिता त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काय रे, शाळेत जातोस ना? मग बापाचा अर्ज तू का लिहीत नाहीस?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. शाळेत मला मराठी हा विषय होता. पण पास होण्यापुरते गुण मिळाले की झाले, असे मी मानत होतो.

त्या माणसाने घाईत बहिणीचे नाव चुकीचे लिहिले. मी अर्ज हातात घेतला होता, पण नीट वाचला नाही. चूक कचेरीत लक्षात आली. पुन्हा खेप पडली आणि अब्बांची आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली.

घरी परतताना मी रागाने म्हणालो, "अब्बा, तो माणूस तुमच्याशी असा का बोलला?"

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "बेटा, मागावर उभा धागा तुटला, तर मी काय करतो?"

"माग थांबवून गाठ मारता."

"आणि गाठ मारली नाही तर?"

"कापडात रेघ पडत जाते."

"मग? धाग्यावर रागावून रेघ थांबत नाही. गाठच मारावी लागते."

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी मराठीच्या सरांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, मला अर्ज लिहायला शिकवा." सर हसले नाहीत. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास ते मला शिकवू लागले.

काम सोपे नव्हते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहायची, तर मराठी डावीकडून उजवीकडे. 'ळ' माझ्या जिभेवर बसेना. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. उर्दूत 'घर' हा शब्द पुल्लिंगी आहे. म्हणून मी 'माझा घर' असे लिही आणि सर लाल शाईने 'माझे घर' करत. एके दिवशी मी कंटाळून म्हणालो, "सर, ही भाषा माझी नाही."

सर म्हणाले, "अर्ज, कागद, शाई, तारीख, हिशेब हे शब्द तुझ्या घरी बोलतात ना? त्यांतले काही अरबीतून, काही फारसीतून आले आणि मराठीच होऊन गेले. शाहीर अमर शेख बार्शीचे. त्यांचे मूळ नाव मेहबूब. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने सभा भारून जात. जो मेहनतीने भाषा वापरतो, त्याची ती होते."

पुढच्या वर्षी आम्हांला घरी नळ घ्यायचा होता. नगरपालिकेला द्यायचा अर्ज मी स्वतः लिहिला. चार कागद फाडले, पाचवा ठेवला. अब्बांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि खाली उर्दूत सही केली. त्या दिवशी खिडकीपाशी ते ताठ उभे राहिले. आवाज नेहमीचाच होता, पण त्यात अजीजी नव्हती.

ही बातमी मोहल्ल्यात पसरली. लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येऊ लागले. मी पैसे घेत नसे, पण मला गर्व मात्र झाला. एकदा शेजारच्या वृद्ध चाची तिसऱ्यांदा तोच कागद घेऊन आल्या. मी त्यांच्यावर खेकसलो, "चाची, किती वेळा सांगायचे? तुम्हांला काही कळत नाही का?" चाची कागदाची घडी घालून मुकाट्याने निघून गेल्या.

अब्बा दाराशी उभे होते. ते एवढेच म्हणाले, "बेटा, कचेरीबाहेरचा तो माणूस आठवतो?"

माझी मान खाली गेली. ज्या वागण्याने मला एवढे दुःख झाले होते, तेच मी केले होते. आपला मान राखायला शिकलो, पण दुसऱ्याचा राखला नाही, तर ते शिकणे अपुरेच होते.

मला सरांचा एक धडा आठवला. उर्दूत 'हम' हा एकच शब्द आहे. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तोही आत येतो. मी चाचींच्या घरी गेलो, त्यांची माफी मागितली आणि म्हणालो, "चाची, आपण मिळून लिहू." त्यांची नात पाचवीत होती. तिलाही जवळ बसवले. मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. त्यानंतर ती रोज शिकायला येऊ लागली.

दोन वर्षांनी चाचींचा पुढचा अर्ज त्या मुलीने लिहिला. तो मला दाखवायला आणला, तेव्हा त्यात मला एकही चूक सापडली नाही. चाची शेजारी उभ्या होत्या. माझ्यासमोर उभे राहताना आता त्यांना संकोच वाटत नव्हता.