चार आण्यांची वेणी

"सिस्टर, लई गळाटा आलाय." परभणीच्या खेड्यांत घरोघरी जाऊन शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करताना हे वाक्य मी रोज ऐकते. दुखण्याला मॉर्फिन आहे. गळाट्याला तसं एकच औषध नाही. रक्त कमी असेल, झोप उडाली असेल, मनाला घोर लागला असेल. एकेक कारण शोधत बसावं लागतं.

थकवा मोजायला शून्य ते दहाची पट्टी असते, कॅनडातल्या एडमंटनमध्ये तयार झालेली. गंगाखेडकडच्या एका आजींना ती उमगेना. मी विचारलं, "आजी, रुपयात किती आणे गळाटा?"

"बारा आणे, माय."

"मग उरलेले चार आणे कशासाठी ठेवायचे?"

"नातीची वेणी घालायला."

सून रोज पहाटे त्यांना आंघोळ घाले, मायेनं. पण चार आणे न्हाणीतच संपत आणि नात शाळेत जाताना आजी निपचित पडलेल्या असत. सुनेला हे सांगताना मला जड गेलं. मग आंघोळ संध्याकाळी, तीही एक दिवसाआड, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून. एरवी ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. पत्र्याखाली तापलेल्या दुपारी झोप तासाभराचीच, म्हणजे रात्रीची उडत नाही. सकाळी आजी भिंतीला टेकून, दोन्ही कोपरांखाली उशा घेऊन बसत. नात पुढ्यात, खाली. बोटं मध्येच थांबत, दम घेत, पुन्हा पेड उचलत. रिबीन सून बांधे.

मुलगा मात्र म्हणायचा, "सलाईन लावा, ताकद येईल." पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. तेवढ्यानं ताकद येत नाही. या अवस्थेत सूज आणि धाप मात्र वाढू शकते. त्याला हे तीनदा समजावलं. आईसाठी काहीतरी केल्याचं समाधान त्याला हवं होतं, म्हणून रोज तिचे पाय हलक्या हातानं चोळायचं काम त्याला दिलं.

पुढं आणे घटत गेले. अखेरच्या दिवसांत मी गळाट्याशी झगडणं सोडते. तेव्हा तो माणसावर पांघरुणासारखा असतो. शेवटच्या भेटीला गेले, तेव्हा वेणी सुनेनंच घातली होती. नात येऊन आजीच्या हाताशी बसली. आजींनी डोळे न उघडता वेणी चाचपली आणि अंगठ्यानं पेड मोजले. तीन.